श्वासाची उंची आणि पाण्याची खोली

फोर बाय फोर गाडी घेतली की वर्षभरात केव्हातरी तो प्रश्न येतोच: स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाचं हवा घेण्याचं तोंड छताच्या उंचीवर नेणारी नळी, लावायचं का? प्रश्न साधा आहे, पण त्यावर जो वाद चालतो तो ऐकला की मला वाईट वाटतं. एक बाजू म्हणते, ज्यांच्या गाडीला स्नॉर्केल आहे त्यातल्या बहुतेकांनी डबक्यापलीकडे पाणी पाहिलेलं नसतं, सगळा मिरवण्याचा प्रकार. दुसरी बाजू म्हणते, स्नॉर्केल लावायचं नव्हतं तर फोर बाय फोर घेतलीच कशाला? दोघंही बोलतात ते गाडीच्या मालकाबद्दल. तो हौशी की अस्सल, याचा निकाल लावण्यात सगळा वेळ जातो. पाणी किती, ते वाहतं की उभं आहे, रस्त्यावर धूळ किती, इंजिन हवा कुठून घेतं, हे कुणी विचारत नाही. परवा एका मित्रानं हाच प्रश्न मला विचारला, आणि त्याला जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझं मत आधीच सांगतो. स्नॉर्केल हे कामाचं साधन आहे आणि काही गाड्यांना ते असायलाच हवं. बहुसंख्य गाड्यांना मात्र त्याची गरज नाही, निदान सगळ्यात आधी तरी नाही. आणि ज्यांना गरज आहे त्यांनीही ते लावल्यावर ‘आता आपण आणखी खोल पाण्यात जाऊ शकतो’ असा हिशेब मांडू नये. स्नॉर्केलमुळे इंजिनाच्या श्वासाची उंची वाढते. गाडी किती खोल पाण्यात टिकेल हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. या दोन उंचींची गल्लत होते आणि त्या गल्लतीपायी माणसं जिवाला मुकतात, म्हणून हा विषय मला केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही.

स्नॉर्केलच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मांडतो, कारण विरोध करणारे तो नीट ऐकूनच घेत नाहीत. २.८ लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ७०० मिलिलिटर येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा कितीपट दाबली जाते तो आकडा, १६ असेल तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा भरते सुमारे ४७ मिलिलिटर, म्हणजे मोठे तीन चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही. बाकीचे तीन पिस्टन आणि फ्लायव्हील मात्र त्याला रेटत राहतात. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून इंजिनाच्या ब्लॉकमधून बाहेर येतो. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन पाणी प्यायलं.’ हे घडायला किती वेळ लागतो? १५०० आरपीएमवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला बारा वेळा हवा आत ओढतो. इंजिनाचा आवाज बदललेला कानावर पडून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

शिवाय इंजिन पाणी शिरण्याची वाट बघत नाही, ते पाणी ओढून घेतं. हेच इंजिन २००० आरपीएमवर टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) न धरताही सेकंदाला ४५ लिटरहून जास्त हवा खेचतं. बहुतेक गाड्यांत या हवेचं तोंड हेडलाइटच्या मागे किंवा पुढच्या मडगार्डच्या पोकळीत असतं. पाण्याची पातळी त्या तोंडाला नुसती लागली, एक लाट उसळून गेली, तरी तीन चमचे पाणी आत जायला पुरेसं आहे. म्हणून ‘आम्ही तर फक्त चाक बुडेल एवढ्याच पाण्यात जातो’ म्हणणाऱ्यालाही धोका अगदीच नाही असं नाही. तळाला न दिसणारा खड्डा असतो, पुढचं एक चाक त्यात जातं, गाडीचं नाक खाली झुकतं आणि मघाशी बोनेटच्या बरंच खाली असलेलं पाणी क्षणात हेडलाइटपर्यंत येतं. समोरून दुसरी गाडी पाणी उडवत आली तरी तेच. आणि इंजिन फुटण्याची जागा आपण निवडत नाही. मदत दोन दिवसांच्या अंतरावर असेल तर तो फक्त पैशांचा प्रश्न राहत नाही.

दुसरा भक्कम मुद्दा धुळीचा आहे. माझ्या मते तो पाण्याहूनही मोठा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे चालताना धुळीचा सगळ्यात दाट थर चाकांच्या आणि बोनेटच्या उंचीवर असतो. छताच्या उंचीवर ती बरीच विरळ असते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर शेकडो किलोमीटर पाण्याचा थेंब दिसत नाही, तरी तिथल्या गाड्यांवर स्नॉर्केल सर्रास दिसतं, ते याचमुळे. बारीक धुळीनं फिल्टर लवकर तुंबतो. फिल्टरच्या कडेचं रबर नीट बसलेलं नसेल तर तीच धूळ टर्बोची पाती आणि सिलिंडरच्या भिंती हळूहळू घासत राहते. पाणी इंजिनाला एका क्षणात मारतं, धूळ पन्नास हजार किलोमीटर घेते, आणि दोष मात्र तेलाला किंवा कंपनीला जातो. ताफ्यात मागे राहून रोज कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्यानं स्नॉर्केल लावलं, तर त्याला मिरवणारा म्हणणं हा अडाणीपणा आहे. त्यानं वर चक्राकार प्री-क्लीनरचं डोकं बसवावं. त्यात हवा गरगर फिरते आणि जड कण फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच कडेला फेकले जातात. शेतावरच्या ट्रॅक्टरनी ही युक्ती कितीतरी आधी वापरली आहे.

इतकं मान्य केल्यावर मग माझा आक्षेप कशाला आहे? तर नळीचं वरचं टोक पाहून माणूस जो अर्थ काढतो, त्याला. नळी छतापर्यंत गेलेली दिसते, म्हणजे जमिनीपासून १.८ मीटर तरी. मग मनात नकळत मोजपट्टी सरकते: बोनेटपर्यंत पाणी चालेल, काचेपर्यंतही चालेल बहुधा. इथे एक साधा हिशेब करून बघायला हवा. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो. गाडी साडेचार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद धरली, आणि पाण्यानं भरून जाणारा इंजिनाचा कप्पा आणि चाकांच्या कमानी वजा केल्या, तर गाडीच्या तळाच्या वर पाणी दर १० सेंटीमीटर चढलं की गाडी सुमारे ६०० किलोनं हलकी होते. अडीच टनांच्या गाडीला तरंगायला तळाच्या वर ४० सेंटीमीटरच्या आसपास पाणी पुरतं. तळ जमिनीपासून अर्धा मीटर उंच असला तर एकूण खोली झाली ९० सेंटीमीटर. स्नॉर्केलचं तोंड तेव्हाही पाण्यावर जवळजवळ एक मीटर कोरडं असतं.

हा नुसता कागदी हिशेब नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जल संशोधन प्रयोगशाळेनं २०१७ मध्ये खऱ्याखुऱ्या गाड्या पाण्याच्या टाकीत उभ्या करून हे मोजलं. अडीच टनांची निसान ‘पट्रोल’ (Patrol), म्हणजे नावाजलेली दणकट फोर बाय फोर, ४५ सेंटीमीटर खोल वाहत्या पाण्यात डळमळू लागली, आणि त्या पाण्याचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता. ९५ सेंटीमीटरवर ती पूर्ण तरंगली आणि हातानं ढकलावी तशी सरकू लागली. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा गेली कित्येक वर्षं सांगते आहे की दोन फूट वाहतं पाणी एसयूव्ही आणि पिकअपसकट बहुतेक गाड्या वाहून नेतं. त्याच देशाच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार पुरात बुडून होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू गाडी पुराच्या पाण्यात घातल्यामुळे होतात. या माणसांच्या इंजिनांना हवा मिळाली असती तर ती वाचली असती का? चाकं जमिनीवर टेकलेलीच नसतील तर चालू इंजिन करणार काय? पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो; वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. एका बाजूनं गाडी हलकी होत जाते, दुसऱ्या बाजूनं तिला ढकलणारं बळ वाढत जातं, आणि या दोन्हींशी छतावरच्या नळीचा काडीचाही संबंध नाही.

यावर जाणकार माणूस एक खरा मुद्दा मांडतो: गाडी काही डबाबंद नसते, दारांतून पाणी आत शिरतं, आत पाणी आलं की ती पुन्हा खाली बसते. खोल पण संथ पाण्यात काही अनुभवी चालक मुद्दाम दार किलकिलं करून पाणी आत घेतात आणि चाकांची पकड परत मिळवतात. हे मी नाकारत नाही. पण यात घडलं काय ते पाहा. जी खोली गाठायला स्नॉर्केल लावलं, तिथे टिकायला गाडीच्या आत पाणी घ्यावं लागलं. सीटखालचे वायरिंगचे जोड, कंट्रोल युनिट, एअरबॅगचे सेन्सर सगळे भिजले. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीला हे पचत असे. आजच्या गाडीत इंजिन धडधडत राहतं आणि गिअरबॉक्सचा कंट्रोलर पाण्याखाली असतो. आणि वाहत्या पाण्यात ही युक्ती करायला वेळ कोण देतं?

गाड्या बनवणाऱ्यांना हे सगळं माहीत आहे. त्यांचे आकडे नीट वाचले की कळतं. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या ७० मालिकेच्या लँड क्रूझरला कंपनीच स्नॉर्केल लावून देते. तरीही पाण्यातून जाण्याची कंपनीनं सांगितलेली खोली आहे ७०० मिलिमीटर. फोर्ड रेंजर स्नॉर्केलशिवाय येते आणि तिची खोली ८०० मिलिमीटर. २०२० ची नवी लँड रोव्हर डिफेंडर एअर सस्पेन्शनवर उंच केली की ९०० मिलिमीटर, तीही स्नॉर्केल न लावता. नळी असलेल्या गाडीचा आकडा कमी आणि नळी नसलेल्यांचा जास्त, हे कसं? कारण हा आकडा फक्त हवेच्या तोंडावरून निघत नाही. बॅटरी, अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, ॲक्सलचे ब्रीदर (आतल्या हवेला ये-जा करायची छोटी तोंडं), दारांची रबरं, गाडीची तरंगण्याची पातळी, या सगळ्यांतली जी कडी सगळ्यात आधी हार मानते, तिच्यावर तो ठरतो. हवेचं तोंड ही त्यातली एक कडी. ती एकटी छतापर्यंत नेली म्हणून बाकीच्या कड्या वर सरकत नाहीत.

इतिहासही हेच दाखवतो. स्नॉर्केल हा शब्द पाणबुडीतून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी नेदरलँड्सच्या नौदलानं आपल्या पाणबुड्यांना अशी नळी बसवली, १९४० मध्ये ती जर्मनांच्या हाती लागली, आणि १९४४ मध्ये जर्मन पाणबुड्या ती सर्रास वापरू लागल्या. पाण्याखाली राहून डिझेल इंजिन चालवता येऊ लागलं, ही मोठीच गोष्ट होती. पण नळी वर काढून पाणबुडी फार वेगानं चालवता येत नसे, कारण नळी मोडायची भीती. लाट येऊन वरची झडप बंद झाली की इंजिन थांबत नसे, ते पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागे आणि आतल्या माणसांचे कान दुखून येत. नळीमुळे श्वासाची अडचण सुटली आणि बाकीच्या अडचणी नव्यानं पुढे आल्या. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जीप आणि ट्रक पाहा. त्यांनाही हवेच्या आणि धुराच्या उंच नळ्या होत्या. पण त्याआधी प्रत्येक प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि वायरचा जोड जाड ग्रीससारख्या लेपानं बंद केलेला होता. एवढी तयारी करूनही पाण्याखाली तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांत कितीतरी गाड्या बुडाल्या. तळ ठाऊक नसला की नळी काही करू शकत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

रणगाड्यांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण स्नॉर्केलच्या बाजूनं बोलणारे तेच पुढे करतात. सोव्हिएत टी-५५ स्नॉर्केल लावून पाच मीटर खोल नदी तळावरून पार करू शकत असे. हो, खरं आहे. पण तो ३६ टनांचा होता आणि पूर्ण बंद केल्यावरही तळाला टेकून राहण्याइतका जड होता. प्रत्येक फट बुजवलेली असे. सैन्याचे अभियंते आधी नदीचा तळ तपासत, उतार आणि चढ पाहत, आणि अडकलेला रणगाडा ओढून काढायची सोय काठावर तयार ठेवत. पाच मीटर ही त्या सगळ्या तयारीची खोली होती. आपण त्यातली फक्त नळी उचलली आणि अडीच टनांच्या, तळाची काहीच माहिती नसलेल्या, दोर ओढायला पलीकडे कुणी नसलेल्या गाडीला लावली.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. ‘साधन आहे म्हणून माणूस बेफिकीर होईल, या भीतीनं साधनच वापरायचं नाही का? मग सीटबेल्टही काढून टाका.’ नाही, माझं म्हणणं तसं नाही. सीटबेल्ट उपयोगी पडतो तो आपण न निवडलेल्या प्रसंगात. समोरचा येऊन धडकतो तेव्हा. पाण्यात उतरायचं की नाही हे मात्र काठावर उभं राहून, गाडी थांबवून, आपण स्वतः ठरवतो. ठरवण्याच्या त्या क्षणी हाताशी असलेलं साधन तराजूत वजन टाकतं. १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंग इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं गेली. त्यानंतर १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीनं सुरक्षित दिवा बनवला. दिवा चांगलाच होता. पण दिवा आहे म्हटल्यावर खाणमालकांनी पूर्वी वायूच्या भीतीनं सोडून दिलेले थर उघडले, हवा खेळती ठेवण्याकडे दुर्लक्ष झालं, आणि स्फोट काही थांबले नाहीत. १९८० च्या दशकात म्यूनिखमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना चाकं जाम न होऊ देणारे एबीएस ब्रेक बसवले, काहींना नाही. एबीएसवाल्या गाड्यांचे अपघात घटले नाहीत. चांगल्या ब्रेकच्या भरवशावर चालक अधिक धिटाईनं चालवत होते. म्हणून डेव्हीचा दिवा वाईट होता असं कुणी म्हणत नाही, एबीएस काढा असंही नाही. दिव्यामुळे मिळालेली सुरक्षितता खोल थरात खर्च केली, चूक तिथे झाली. स्नॉर्केलमुळे मिळालेली सवलत खड्ड्यासाठी, लाटेसाठी, अचानक झुकलेल्या नाकासाठी राखून ठेवावी. तिच्यावर खोली विकत घेऊ नये.

म्हणून पैसे आणि मेहनत आधी कुठे जावी याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिला नंबर ब्रीदरचा. चालून तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, तेलानं भरलेला गिअरांचा डबा) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ब्रीदरचं तोंड ॲक्सललगतच असेल तर ती ओढ तिथून पाणी आत घेते, नाहीतर ऑइल सीलच्या ओठावरून घेते. हे तर चाकाच्या मध्यापर्यंतच्या पाण्यातही घडतं, जिथे स्नॉर्केलचा प्रश्नच येत नाही. तेल दुधाळ होतं, कुणाला कळत नाही, आणि सहा महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागतात. ब्रीदरला साधी रबरी नळी जोडून ती बोनेटखाली उंच नेऊन बांधणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि तेवढ्यानं पुढचा-मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) चारही वाचतात. त्यानंतर रेडिएटरचा पंखा: बेल्टवर फिरणाऱ्या प्लास्टिकच्या पंख्याची पाती पाण्यात पुढे वाकून रेडिएटरच्या जाळीत घुसू शकतात. मग पाणी थेट पंख्यावर येऊ नये म्हणून पाण्यात जाताना बंपरवरून बांधायची ताडपत्री, ओढून काढायचा दोर, आणि त्या दोराला पक्की जागा. स्नॉर्केल या रांगेत येतं, पण शेवटच्या टोकाला.

लावायचंच ठरवलं तर नीट लावावं. बाजारात दिसणाऱ्या काही नळ्या नुसत्या कवचासारख्या असतात. बाहेरून छतापर्यंत दिसतात, पण मडगार्डच्या आत एअरबॉक्सला, म्हणजे फिल्टरच्या डब्याला, धड जोडलेल्याच नसतात, आणि इंजिन जुन्याच तोंडातून हवा घेत राहतं. काही ठिकाणी जोडणी असते, पण सांध्याला सीलंट नाही, किंवा एअरबॉक्सच्या तळाचं पाणी निचरायचं भोक उघडंच राहिलेलं. अशी नळी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर भरवसा ठेवला जातो. बरं, नळी लावायची म्हणजे मडगार्डला मोठं भोक पाडायचं. कापलेली कड रंगवली नाही तर गंज तिथूनच धरतो. खांबाला चिकटलेली नळी वळणावर थोडी नजर अडवते, वेगात गुणगुणते, झाडाच्या फांद्यांत अडकते. पुढे तोंड असलेल्या डोक्यात पाऊस शिरतो. तो निघून जायला डोक्यातच फटी असाव्या लागतात. वॉरंटी आणि विम्याची कलमं भोक पाडण्याआधी वाचावीत. यातलं काहीही न लावण्याचं कारण ठरत नाही, पण लावताना यातलं सगळं ठाऊक हवं. इंजिनाची ताकद वाढते, मायलेज वाढतं, असे दावे केले जातात त्यात मला फारसं तथ्य वाटत नाही. थोडी गार हवा मिळत असेलही, पण नळी लांब झाली, वळणं वाढली, हाही हिशेबाचा भाग आहेच.

मग लावावं कुणी? जो ताफ्यात धुळीच्या रस्त्यावर सतत चालतो, त्यानं जरूर लावावं. ज्याच्या कामाच्या वाटेवर ओळखीचे, संथ पाण्याचे ओढे वर्षानुवर्षं येतात आणि पाणी बंपरच्या वर जातं, त्यानं लावावं. जो अशा दूरच्या प्रवासाला निघतो जिथे इंजिन गेलं तर कुणी यायचं नाही, त्यानं लावावं, आणि ब्रीदर, दोर, सोबतची दुसरी गाडी याआधी जमवावी. ज्याला पुराच्या पाण्यातून घरी पोचायचं आहे म्हणून ते हवं आहे, त्याला मी हात जोडून सांगेन की नको. पुराच्या पाण्याचा तळ काल होता तसा आज नसतो. रस्ता खालून वाहून गेलेला असतो आणि वरून पाणी तितकंच सपाट दिसतं. ओढ्यात आधी पायी उतरून जाणं हा जुना नियम आहे, आणि त्यातच उत्तर आहे: ज्या पाण्यात मी पायी चालत जाऊन परत येऊ शकत नाही, त्यात गाडी घालायची नाही. मांडीपर्यंतचं पाणी पाय ओढू लागलं की गाडीलाही ते ओढणार. पाण्यात गेल्यावर लो रेंजचा (कमी वेग, जास्त ओढ देणाऱ्या गिअरांचा) पहिला किंवा दुसरा गिअर, माणसाच्या चालीचा वेग, पुढे एक छोटी लाट सतत ढकलत राहील इतपत. त्या लाटेमागे बोनेटखालची पातळी थोडी खालीच राहते. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी आत गेलं असेल तर रॉड वाकवण्याचं उरलेलं काम तो स्टार्टरच करतो.

ज्या मित्रानं मला विचारलं, त्याला मी उलट विचारलं की आजवरचं सगळ्यात खोल पाणी कोणतं. चाकाच्या मध्यापर्यंत, तो म्हणाला, वर्षातून दोनदा, आणि कच्चा रस्ता फारसा नाही. मग आम्ही गाडीखाली शिरलो. मागच्या ॲक्सलचा ब्रीदर म्हणजे ॲक्सलवरच बसवलेली बोटाएवढी टोपी होती, चिखलानं गच्च झालेली. डिफरन्शियलच्या तळाचा नट सैल केला तर आधी पाण्याचे चार थेंब गळले, मग राखाडी, दुधाळ तेल. त्या दिवशी आम्ही तेल बदललं, सील पाहिले आणि चार नळ्या बोनेटखाली फिल्टरच्या डब्याच्याही वर नेऊन बांधल्या. मडगार्ड अजून न कापलेलं आहे. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कामावर जाणार आहे, जिथे रोज ऐंशी किलोमीटर मातीचा रस्ता आणि पुढे ट्रकची रांग असेल. तेव्हा आम्ही स्नॉर्केल बसवू, आणि बसवून झाल्यावर इंजिन चालू ठेवून नळीचं तोंड जाड पुठ्ठ्यानं बंद करून बघू. इंजिन दोन-तीन सेकंदांत गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालतच राहिलं तर कुठला तरी सांधा हवा खातो आहे, आणि तो सापडेपर्यंत काम संपलेलं नसेल.